मंगळावर वस्ती: हवा कोण पुरवणार?

सेफ्टीलॅम्प (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:४०

मंगळावर माणसाची वस्ती होणार का, यावर आज संध्याकाळी आमच्या त्रिमूर्तीनगरच्या कट्ट्यावर दोन तास वाद झाला. घरी आलो, जेवलो, तरी विषय डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो. तरुण मंडळींचं म्हणणं असं की रॉकेट स्वस्त झालं की पन्नास वर्षांत तिथे शहर उभं राहील. मला रॉकेटातलं कळत नाही. पण बंद जागेत माणसाला हवा कशी पुरवायची हे कळतं, कारण चौतीस वर्षं मी तेच काम केलं. नागपूर जिल्ह्यातल्या भूमिगत कोळसा खाणींत मी वेंटिलेशनला होतो.

वर राहणाऱ्या माणसाला हवा म्हणजे आपोआप असलेली गोष्ट वाटते. खाणीत ती आणावी लागते. वर मोठा पंखा दिवसरात्र चालतो, खाली भिंती, दारं आणि ब्रॅटिसचं कापड लावून हवेला वाट दाखवावी लागते, तेव्हा कुठे ती शेवटच्या गॅलरीतल्या माणसापर्यंत पोचते. नियम सांगतो की माणूस जिथे काम करतो तिथे ऑक्सिजन १९ टक्क्यांखाली जाता कामा नये आणि कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्यावर. हे दोन आकडे सांभाळण्यात माझी उमर गेली. एकदा वीज गेली आणि पंखा थांबला. वाऱ्यानं ताणलेलं ब्रॅटिसचं कापड डोळ्यांदेखत सैल पडलं. सगळी शिफ्ट आम्ही चालत बाहेर काढली, कुणालाही काही झालं नाही. पण ते सैल पडलेलं कापड मला अजून दिसतं.

दुसरी गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. कोळसा स्वतः ऑक्सिजन खातो. जुनं खणून सोडलेलं क्षेत्र भिंत घालून बंद केलं की आत एकही माणूस नसताना ऑक्सिजन उतरत जातो. नळीनं नमुना घ्यायचो, दर आठवड्याला आकडा कमी. म्हणून बंद जागा म्हणजे नुसती रिकामी पेटी, असं मी कधीच मानलं नाही. आतली प्रत्येक वस्तू हवेशी काहीतरी व्यवहार करत असते.

म्हणूनच मला ‘बायोस्फियर २’ची हकीकत इतकी जवळची वाटते. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात काचेची प्रचंड इमारत बांधली, सव्वा हेक्टरची. आत छोटं जंगल, छोटा समुद्र, शेत. २६ सप्टेंबर १९९१ला आठ जण आत गेले आणि दार सीलबंद झालं. दोन वर्षं बाहेरून काही घ्यायचं नाही असा निश्चय होता. सोळा महिन्यांत आतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास आला. माणसं धापा टाकू लागली, झोप लागेना. शेवटी जानेवारी १९९३मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. आमचा सेफ्टी लॅम्प, म्हणजे खाणीतला ज्योतीचा दिवा, साधारण १६ टक्क्यांवर विझतो. म्हणजे ती आठ माणसं अशा हवेत राहत होती, जिथे माझा दिवा जळला नसता.

कारण शोधलं तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. पीक चांगलं यावं म्हणून आत सेंद्रिय खताची भरपूर ताकदवान माती टाकली होती. त्या मातीतले जिवाणू झाडांपेक्षा जोरात श्वास घेत होते. आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांच्या वाट्याला पुरता येण्याआधीच नवं काँक्रीट शोषून घेत होतं, त्याचा चुना-दगड बनत होता. तो कार्बन भिंतीत गेला आणि सोबत ऑक्सिजनही घेऊन गेला. इतक्या हुशार लोकांनी आखलेलं काम, आणि घात केला मातीनं आणि भिंतीनं.

ही गोष्ट पृथ्वीवरची. बाहेर श्वास घेण्याजोगी हवा होती, दार उघडता येत होतं, ऑक्सिजनचा टँकर रस्त्यानं आला.

माझं मत सरळ लिहितो. अख्खा मंगळ पृथ्वीसारखा करणं आपल्या कुठल्याही नातवंडाच्या आयुष्यात होणार नाही. बंद घरात थोडी माणसं ठेवणं शक्य आहे, पण तो प्रश्न रॉकेटवाल्यांपेक्षा पंखा सांभाळणाऱ्याचा जास्त आहे. माझं ज्ञान खाणीपुरतं आहे. भौतिकशास्त्रवाले, शेतीवाले, डॉक्टर, कृपया लिहा. मला हे खरंच समजून घ्यायचंय.

---

रामटेकी | रविवार, रात्री १०:२५

वाचतोय. काका, ब्रॅटिसच्या कापडाचं वाचून अंगावर काटा आला. एक शंका: मंगळाच्या ध्रुवांवर गोठलेला कार्बन डायऑक्साइड आहे ना? तो वितळवला की हवा दाट होईल, ऊब येईल, असं बरेचदा ऐकतो. अणुबॉम्ब टाकून वितळवा म्हणणारेही आहेत. त्यात काही तथ्य?

---

मृगशीर्ष | सोमवार, सकाळी ७:१०

सेफ्टीलॅम्प काका, नमस्कार. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, रामटेकींच्या शंकेवर आकडे मांडतो.

मंगळावरचा हवेचा दाब सरासरी ६ मिलिबार. आपल्याकडे समुद्रसपाटीला १०१३. म्हणजे एक टक्काही नाही. ६३ मिलिबारच्या खाली शरीराच्या तापमानालाच पाणी उकळतं, आणि मंगळ त्या रेषेच्याही दहापट खाली आहे. त्यामुळे ऑक्सिजनचा मास्क लावून फिरता येणार नाही, दाब धरून ठेवणारा पूर्ण पोशाख लागतो.

आता ध्रुवांचं. २०१८ साली ब्रूस जाकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स यांनी मंगळावरच्या उपलब्ध कार्बन डायऑक्साइडचा हिशेब मांडला. ध्रुवांवरचा सगळा गोठलेला वायू मोकळा केला तर दाब जेमतेम दुप्पट-अडीचपट होतो, म्हणजे १५ मिलिबारच्या घरात. माती आणि खडकांत अडकलेला, काढता येण्याजोगा वायू धरला तरी २०च्या आसपास. पाणी वाहतं ठेवण्याइतकी ऊब यायला साधारण हजार मिलिबारच्या पातळीचं काहीतरी लागतं. बॉम्ब कितीही मोठा असो, जो वायू तिथे नाहीच तो बॉम्बनं येणार नाही.

वायू बाहेरून आणायचा म्हटलं तर किती? हा हिशेब मी वर्गात मुलांकडून करून घेतो. पृथ्वीवर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टन हवा उभी आहे. मंगळाचं गुरुत्व आपल्या ३८ टक्केच, म्हणून तोच दाब हवा तर तिथे चौरस मीटरमागे सत्तावीस टन हवा लागेल. ग्रह लहान असूनही हवा जास्त लागते! पूर्ण मंगळासाठी सुमारे ३९ लाख अब्ज टन. फळ्यावर शून्यं लिहिताना वर्ग एकदम शांत होतो.

एक गैरसमजही दूर करतो. मंगळाला चुंबकीय क्षेत्र नाही, त्यामुळे घातलेली हवा सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारा कणांचा झोत, लगेच उडवून नेईल, असं सर्रास लिहिलं जातं. मेव्हन यानानं मोजलं की आज मंगळाची हवा सेकंदाला साधारण १०० ग्रॅम या वेगानं सुटते. वर्षाला तीन हजार टनांच्या थोडं वर. दाट हवा असती तर वेग बदलेल, पण ती झीज कोट्यवधी वर्षांच्या मापानं चालते. मंगळाची जुनी हवा गेली ती अब्जावधी वर्षांत, तरुण सूर्य जास्त उग्र असताना. तेव्हा घातलेली हवा टिकण्यापेक्षा मुळात हवा आणायची कुठून, हा मोठा प्रश्न आहे.

ऊब आणण्याच्या काही नव्या कल्पना मात्र गंभीरपणे वाचण्यासारख्या आहेत. २०२४मध्ये एका गटानं गणितानं दाखवलं की मंगळाच्याच धुळीतलं लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम काढून त्याच्या सूक्ष्म काड्या बनवल्या आणि सेकंदाला ३० लिटर या दरानं हवेत सोडत राहिलो, तर काही दशकांत पृष्ठभाग ३० अंशांनी तापू शकतो. वजनामागे पाहिलं तर पूर्वीच्या वायूवाल्या कल्पनांपेक्षा हे हजारो पटींनी परिणामकारक ठरतं. पण त्यानं तापमान वाढेल, श्वास येणार नाही. ऑक्सिजन झाडांकडून करून घ्यायचा तर ख्रिस मॅके यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचा अंदाज लाखभर वर्षांचा आहे.

मला स्वतःला २०१९ची रॉबिन वर्ड्सवर्थ यांची कल्पना जास्त पटते. सिलिका एरोजेल हा काचेच्या फेसासारखा अतिहलका पदार्थ. त्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर बर्फाळ जमिनीवर अंथरला तर प्रकाश आत येतो, अतिनील किरण अडतात, आणि खाली पन्नास अंशांहून जास्त ऊब साठून बर्फ वितळू शकतो. एका वेळी अख्ख्या ग्रहाऐवजी एक वाफा तापवायचा.

---

मंगलयान१३ | सोमवार, रात्री ११:०२

नमस्कार काका, कट्ट्यावर पन्नास वर्षं म्हणणारा मीच. तुमचा धागा दोनदा वाचला आणि तेव्हापासून विचार करून राहिलो. ग्रह बदलायचा मुद्दा सरांनी आकड्यांत मांडला, तो मी मान्य करतो. बंद वस्तीच्या बाबतीत मात्र मी मागे हटत नाही.

१९९१ आणि आज यात फरक आहे जी. २०२१मध्ये नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीसोबत मोक्सी नावाचं यंत्र मंगळावर उतरलं. तिथलाच कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यानं १६ वेळा ऑक्सिजन बनवला, ९८ टक्के किंवा त्याहून शुद्ध. दुसऱ्या ग्रहावरच्या हवेतून माणसाच्या श्वासाचा वायू पहिल्यांदा निघाला. अंतराळ स्थानकावर घाम, लघवी, उच्छ्वासातली वाफ हे सगळं धरून ९८ टक्के पाणी परत वापरता येतं, हे २०२३मध्ये दाखवून झालं. तिथे नोव्हेंबर २०००पासून एक दिवसही माणसाशिवाय गेला नाही.

आणि आपल्या इस्रोनं डिसेंबर २०२४च्या पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत चवळीचं बी पाठवलं होतं. बंद पेटीत, गुरुत्व जवळपास शून्य, आणि चौथ्या दिवशी कोंब आले. पुढे शुभांशू शुक्ला यांनी २०२५मध्ये स्थानकावर मूग आणि मेथी रुजवली. माझ्या आईला फोटो दाखवला तर ती म्हणाली, मेथी कुठंबी येते बाप्पा. मला त्या वाक्यात फार बळ वाटतं. सुरुवात झालीय काका.

---

सेफ्टीलॅम्प | मंगळवार, सकाळी ६:२०

बाळा, तुझा प्रतिसाद वाचून आनंद झाला. मोक्सीबद्दल मी काल रात्री वाचून काढलं. खरोखर मोठं काम आहे आणि ते करणाऱ्यांना माझा नमस्कार. आता खाणीतल्या माणसाच्या नजरेनं तेच आकडे पाहू.

सोळा वेळा मिळून एकूण ऑक्सिजन १२२ ग्रॅम. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो. मोक्सीचा सगळ्यात चांगला वेग तासाला १२ ग्रॅम, म्हणजे अखंड चालवलं तर दिवसाला २८८. एका माणसामागे अशी तीन यंत्रं. प्रत्येकाला सुमारे ३०० वॅट. म्हणजे नुसत्या श्वासासाठी माणशी जवळपास एक किलोवॅट, दिवसरात्र. मोठं यंत्र कमी विजेत भागवेल हे मला मान्य आहे. पण ‘दिवसरात्र’ हा शब्द कुठलंही यंत्र कमी करू शकत नाही.

आणि तिथे सूर्यप्रकाश आपल्या ४३ टक्केच. वर धुळीची वादळं. २०१८च्या वादळानं पूर्ण ग्रह झाकला आणि मंगळावर चौदा वर्षं सौरविजेवर चाललेली ऑपॉर्च्युनिटी गाडी कायमची गप्प झाली. तिला श्वास लागत नव्हता.

आमच्या खाणीत पंखा एकटा कधीच नसायचा. शेजारी दुसरा तयार असायचा, सुटे भाग कोठारात, कारागीर हजेरीवर, आणि सगळंच बिघडलं तर रेस्क्यूवाले रस्त्यानं यायचे. मंगळाकडे निघायची योग्य वेळ २६ महिन्यांनी येते, वर प्रवास सात-आठ महिन्यांचा. नुसता निरोप पोचायला तीन ते बावीस मिनिटं. तेव्हा बेअरिंग घासलं तर बेअरिंग तिथेच बनवता आलं पाहिजे. बेअरिंगसाठी पोलाद, पोलादासाठी भट्टी, भट्टीसाठी माणसं, आणि त्या माणसांसाठी आणखी हवा. ही साखळी किती माणसांवर पुरी होते, हे मला कुणी सांगितलं तर मी वस्तीचा आकार सांगू शकेन.

चवळीचं मात्र मला फार आवडलं.

---

रामटेकी | मंगळवार, दुपारी १:१५

मृगशीर्ष सर, धन्यवाद. आणि शुक्र? तो तर आकारानं पृथ्वीचा जुळा भाऊ म्हणतात.

---

मृगशीर्ष | मंगळवार, दुपारी ३:४०

गुरुत्व जवळपास आपल्याइतकं, बाकी सगळं उलट. पृष्ठभागावर दाब ९२ पट, तापमान ४६५ अंशांच्या घरात. शिसं वितळतं. ५०-५५ किलोमीटर उंचीवर मात्र दाब आणि तापमान माणसाला झेपण्याजोगं आहे, म्हणून तरंगत्या वस्तीची कल्पना निघाली. पण भोवती गंधकाम्लाचे ढग आणि पायाखाली जमीन नाही. लोखंड, माती, दगड कुठून आणणार? काकांची बेअरिंगची साखळी तिथे पहिल्याच कडीला तुटते.

---

काळीमाती | मंगळवार, रात्री १०:५०

काका, मी मृदाशास्त्रवाली. माती मोजण्यात, खणण्यात आणि शेतकऱ्यांच्या बांधावर बसण्यात वीस वर्षं गेली. मंगळाची ‘माती’ हा शब्द वाचला की मला थांबावंसं वाटतं. तिथे माती नाही. भुकटी आहे.

आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा दगड बेसॉल्ट. मंगळाचा पृष्ठभागही बहुतांश बेसॉल्टचाच. म्हणजे कच्चा माल एकच. मग इथे त्याची काळी कपाशीची जमीन झाली आणि तिथे लाल धूळ राहिली, हे कशामुळे? इथे पाणी पडलं, दगड सडला, मुळं घुसली, बुरशी आली, गांडुळं आली, पानं कुजली, आणि हे हजारो वर्षं चाललं. चिमूटभर काळ्या मातीत जिवाणूंची संख्या कोटींत जाते. ते काढले तर उरतो मुरमाचा चुरा.

वर त्या भुकटीत परक्लोरेट नावाचा विषारी क्षार आहे. २००८मध्ये फिनिक्स यानाला ते सापडलं, साधारण अर्धा ते एक टक्का. पृथ्वीवरच्या पिण्याच्या पाण्यात आम्ही जे अब्जात काही भाग म्हणून मोजतो, ते तिथे शेकड्यात आहे. धुऊन काढता येतं, काही जिवाणू ते खातातही. पण धुवायला पाणी लागतं आणि ते पाणी पुन्हा शुद्ध करावं लागतं.

२०२२मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात अपोलोनं आणलेल्या खऱ्या चांद्रधुळीत मोहरीच्या कुळातलं एक लहान रोप लावलं. बी रुजलं, सगळ्यांना आनंद झाला. पण रोपं खुरटली, मुळं आखडली, आणि आतून तपासलं तर ती खारट, विषारी जमिनीतल्या रोपांसारखी झगडत होती. कोंब येणं आणि पोटभर पीक येणं यातलं अंतर कोरडवाहू शेतकऱ्याला विचारा. मंगलयान, बी स्वतःच्या शिदोरीवर चार दिवस जगतं, दादा. खरी परीक्षा शिदोरी संपल्यावर.

आता आपल्या जिल्ह्यातलं सांगते, कारण हे लोकांना माहीत नाही. गुमगावच्या मँगनीज खाणीचे ढिगारे असेच मेलेले होते. नुसता दगडचुरा, सेंद्रिय अंश जवळपास शून्य. नीरीच्या, म्हणजे नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेच्या, शास्त्रज्ञांनी त्यात साखर कारखान्यातली प्रेसमड (उसाच्या रसाचा गाळ) मिसळली, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी मैत्री करणारी मायकोरायझा बुरशी घातली, आणि झाडं लावली. काही वर्षांत तिथे सावली झाली. माणसानं मेलेल्या दगडावर माती उभी केल्याचं हे खरं उदाहरण, आपल्या हाताच्या अंतरावरचं. पण हिशेब करा: पाऊस फुकट मिळाला, हवा फुकट, ऊन फुकट, प्रेसमड ट्रकनं आली, जिवाणू आपल्याच मातीतून घेतले. मंगळावर यातलं निम्म्याहून कमी ऊन तेवढं मिळतं, बाकी काहीच नाही.

म्हणून वस्तीचा आराखडा बघताना मी रॉकेटचं वजन बघत नाही. सोबत माती किती नेताय आणि ती जिवंत कशी ठेवणार, ते बघते. आणि तुमच्या बायोस्फियरनं शिकवलंय की जास्त जिवंत मातीही घात करते. किती जिवंतपणा पुरे, हा आकडा अजून कुणाच्या हातात नाही.

---

लोणारवाट | बुधवार, सकाळी ८:०५

काळीमाती ताईंना जोडून एक. लोणारचं विवर बेसॉल्टमध्ये उल्कापातानं झालेलं, म्हणूनच मंगळ अभ्यासणारे तिथे येतात. पावणेदोन किलोमीटर रुंद. तळ्याचं पाणी इतकं अल्कधर्मी की मासा जगत नाही, तरी ते जिवाणूंनी गच्च भरलंय. जून २०२०मध्ये तळं गुलाबी झालं, ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. परक्लोरेट खाणारे, खार सोसणारे जीव कुठे शोधायचे, याचं उत्तर कदाचित आपल्या विदर्भातच असेल.

---

सुईणीची_लेक | बुधवार, रात्री ११:३०

ड्यूटीवरून आले आणि धागा सलग वाचला. मी प्रसूतितज्ज्ञ. आई गावात सुईणपण करायची.

हवा झाली, माती झाली. पण वस्ती म्हणजे काय? दहा माणसं जाऊन दोन वर्षं राहून परत आली तर तो तळ. लहान मुलं जन्मली, वाढली आणि त्यांना मुलं झाली तर ती वस्ती. म्हणजे वस्तीचा प्रश्न शेवटी बाळंतपणाच्या खोलीत येतो, आणि तिथे आपल्या हातात जवळजवळ काही नाही.

गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंतचा सगळा प्रवास अवकाशात झालाय, असा एकही सस्तन प्राणी आजवर नाही. जपानी मेदाका मासे १९९४मध्ये यानात वाढले, अंडी फुटली, पिल्लं झाली. १९८३मध्ये सोव्हिएत यानातून गाभण उंदरिणी जाऊन आल्या आणि परत आल्यावर व्याल्या. उंदराचे भ्रूण अगदी सुरुवातीच्या काही दिवसांपर्यंत स्थानकावर वाढवून पाहिलेत. बस्स. आणि हे सगळं जवळपास शून्य गुरुत्वातलं. मंगळाचं ३८ टक्के गुरुत्व गर्भाला पुरतं का, हे सांगणारा कुठलाही दीर्घ प्रयोग नाही. शून्य गुरुत्वात पुरेसा व्यायाम नसेल तर अंतराळवीरांची हाडं महिन्याला एक ते दीड टक्का झिजतात. आता विचार करा, ज्या मुलीची हाडंच कमी गुरुत्वात घडली, तिच्या कटीच्या हाडाचं काय? तिचं बाळंतपण कसं होईल? आणि तिला पृथ्वीवर यावंसं वाटलं तर तिचं हृदय हे वजन पेलेल का? तिला कुणी विचारलेलं नसेल.

मग किरणोत्सार. नासाच्या क्युरिऑसिटी गाडीनं मंगळाच्या पृष्ठभागावर दिवसाला सुमारे ०.६७ मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) मोजला. आपल्याला नैसर्गिकरीत्या वर्षभरात सरासरी २.४ मिळतो. म्हणजे तिथले चार दिवस म्हणजे इथलं एक वर्ष. गरोदर बाईचा एक्स-रे काढायच्या आधी आम्ही दहादा विचार करतो.

काळीमाती ताई, परक्लोरेट थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही. गरोदरपणात आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो. ती धूळ घरात शिरू न देणं हे माझ्या दृष्टीनं हवेइतकंच महत्त्वाचं.

मला कुणाचं स्वप्न मोडायचं नाही. पण पहिलं पाऊल रॉकेट नसावं. पृथ्वीभोवती फिरणारं, गोल गिरक्या घेऊन ३८ टक्के गुरुत्व तयार करणारं एक छोटं केंद्र असावं आणि त्यात उंदरांच्या चार-पाच पिढ्या वाढाव्यात. ते होईपर्यंत वस्ती हा शब्द मी वापरणार नाही.

---

वैनगंगाकाठ | गुरुवार, सकाळी ९:२०

सगळ्यांचे प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण मला एक बोलायचंच आहे. माझ्या मामाच्या गावाला मे महिन्यात टँकर येतो. संत्र्याची बाग डोळ्यांसमोर वाळली, झाडं तोडून इंधनाला विकली. आपल्याला ही एक जमीन नीट सांभाळता येत नसताना दुसऱ्या ग्रहावर शेत करायच्या गोष्टी ऐकल्या की मला राग येतो. राग तुमच्यावर नाही. पण येतो.

---

काळीमाती | गुरुवार, दुपारी २:१०

दादा, राग समजतो. अशाच वाळलेल्या बागेत उभं राहून मातीचे नमुने घेतलेत मी. मला एवढंच सांगायचंय की दोन्हीकडचं ज्ञान एकच आहे. मेलेल्या जमिनीत जीव कसा परत आणायचा, थेंबभर पाण्यात पीक कसं उभं करायचं, सांडपाणी पुन्हा प्यायच्या लायक कसं करायचं. पैसा कुठे आधी जावा याबद्दल मी तुमच्याच बाजूनं आहे. मामांच्या गावाचा मृदा नकाशा हवा असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, मी बघून सांगते.

---

वैनगंगाकाठ | गुरुवार, रात्री ८:००

निरोप केलाय ताई. माझं मत तेच आहे, पण निरोप केलाय.

---

मंगलयान१३ | पुढचा आठवडा, शनिवार, रात्री १०:१५

काका, ताई, सर, डॉक्टर मॅडम, नुसतं वाचून राहवलं नाही म्हणून एक प्रयोग लावला.

पिण्याच्या पाण्याच्या वीस लिटरच्या दोन पारदर्शक कॅन घेतल्या. एकात तीन किलो घरच्या कुंडीतली शेणखत घातलेली माती, दुसऱ्यात तीन किलो धुतलेला बेसॉल्टचा चुरा, गिट्टीच्या क्रशरवरून आणलेला. दोन्हीत सारखं पाणी, आठ-आठ चवळीचे दाणे, आत कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर, आणि तोंड सिलिकॉननं बंद. खिडकीत ठेवल्या.

मातीच्या कॅनमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळीच सेन्सर त्याच्या कमाल मर्यादेला, ५००० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५०००, म्हणजे अर्धा टक्का), टेकला. बी अजून रुजलंही नव्हतं! म्हणजे नुसत्या मातीचा श्वास. काका, तुमची गोष्ट डोळ्यांनी पाहिली. आता रोपं वर आलीत, हिरवीगार आहेत, पण आकडा खाली यायचं नाव नाही.

चुऱ्याच्या कॅनमध्ये आकडा सुरुवातीला जवळपास हलला नाही, बी रुजताना थोडा वाढला. तिथेही चवळी आली, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, अगदी मातीतल्यासारखी. मी आईला म्हटलं, बघ. पण आता नवव्या दिवशी खालची पानं पिवळी पडून राहिली आणि वाढ थांबली. शिदोरी संपली, ताई.

तिसरी कॅन लावायचा विचार आहे. चुरा जास्त, माती थोडी. किती घालू?

---

काळीमाती | शनिवार, रात्री १०:४०

एक लावू नकोस, तीन लाव. मातीचं प्रमाण शेकडा एक, पाच आणि वीस. चवळीच्या मुळांवर गाठी करणारं रायझोबियम कृषी सेवा केंद्रात पाकिटात मिळतं, ते बियांना चोळ. पिवळी रोपं उपटू नकोस, मुळं मला बघायचीत.

---

सेफ्टीलॅम्प | रविवार, सकाळी ५:५०

बाळा, रात्रभर झोप आली नाही आनंदानं. दोन गोष्टी. एक, सकाळचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा वेगळा लिही, वहीत, पेन्सिलीनं नाही, पेननं. उन्हात झाड किती ओढतं आणि अंधारात माती किती सोडते ते त्यातून निघेल. दोन, तुझ्याकडे फक्त कार्बन डायऑक्साइडचा आकडा आहे, ऑक्सिजनचा नाही. माझ्याकडे जुना हातातला ऑक्सिजन मीटर आहे, सेल बदलून घेतोय. झाकणाला बारीक नळी बसवून ठेव, कॅन उघडू नकोस. पुढच्या रविवारी कट्ट्यानंतर तुझ्याकडे येतो.